चेरिश मी, ईट चटणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चटणी कुटून आणली. मोठं काही नाही.

आमच्या इस्लामपूर भागात उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, हळद सगळं तेलात परतायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. डंक म्हणजे विजेवर उडणारी लोखंडी मुसळं. तिथं नुसतं उभं राहिलं तरी माणूस शिंकून शिंकून अर्धा होतो. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. शेवंता, माझी बायको, आत मुसळापुढं नाकाला पदर बांधून उभी.

डंकवाला म्हणाला, "मावशी, तुमी बी भाईर बसा की. ठसका लागंल."

"तू बस भाईर. चटणी माझी हाय."

त्यानं डंक थांबवला की ही चिमूट तळहातावर घ्यायची, बोटानं पसरायची, उजेडाला धरायची, मग जिभेला लावायची.

"आजून कूट. खोबरं दाताखाली येतंय."

"मावशी, दात हायती किती तुमाला?"

"तुला चावायपुरतं हायती."

येताना मोठा डबा मी उचलला, लहान तिनं. वाटेत बायका विचारत होत्या, "झाली का वो चटणी?" आणि ही प्रत्येकीला डबा उघडून वास देत होती. मी डबा धरून उभा. उन्हानं टाळू तापली, पण बोललो नाही. बोलून उपयोग नसायचा.

घरी आल्यावर तिनं तीन बरण्या भरल्या. एक आमची, चिनीमातीची. एक निळ्या झाकणाची, ती पोराची आणि सुनेची. आणि एक लहान काचेची, शेजारच्या मगदूम बाईंची. मगदूम बाई जैन. कांदा-लसूण खात नाहीत. म्हणून त्यांच्यापुरती बिनकांद्याची वेगळी करायची आणि ती सगळ्यांच्या आधी कुटायची, नाहीतर डंकाला आधीचा लसूण लागलेला असतो. हे बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. हिचं हिनंच ठरवलेलं.

डंकावरची चटणी हाताला गरम लागते. मी आपला मदतीला म्हणून झाकण उचललं तर तिनं हातावर चापट मारली.

"आवं, गरम झाकली की घाम सुटतो तिला. बुरशी धरती. सकाळी झाकणं लावू."

बरण्यांवर धोतराचं पातळ फडकं टाकलं. जेवलो. झोपलो. सकाळ तिला मिळाली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात गव्हाणीवर होतो, गाड्यातला ऊस पडतो तिथं. हातात पेन धरायचा तो पगाराच्या सहीपुरता. लिहिणं माझं काम नाही. पण घरात आता बोलायला कोण नाही. भिंतीशी बोलायला लागलो तर गल्लीत नाव होईल. म्हणून लिहितो.

शेवंता मेढ्याकडची. जावळीच्या डोंगरातली. लग्न होऊन इकडं सपाटीला आली तेव्हा पहिलं काय विचारलं असेल? "इथलं डोंगूर कुठं गेलं?" शेवटपर्यंत सपाट रस्त्यानं चालतानाही ती जरा पुढं झुकून चालायची, चढ चढल्यासारखी. मी म्हणायचो, "अगं, सरळ चाल की, काय पाठीवर मोळी हाय का?" ती म्हणायची, "सपाटीवर पाय ठिवायला भ्या वाटतं. कुठं थांबायचं कळतच न्हाई."

गोड बोलणं तिला जमायचं नाही. कुणाला जवळ घेतलंय, डोक्यावरून हात फिरवलाय, असलं काही नाही. पोर तापानं फणफणलं तरी त्याच्यावर खेकसायची आणि खेकसत त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलायची. तिचं सगळं बरणीवर. बरणी भरून दिली म्हणजे तिच्याकडून बोलायचं ते बोलून झालं. आणि बरणी रिकामी होऊन परत आली म्हणजे समोरच्याकडून उत्तर आलं. तिच्या लेखी माणसं दोन तऱ्हेची. बरणी रिकामी करून परत आणणारी, आणि बरणीच गिळणारी. गिळणाऱ्यांची नावं तिला पाठ होती.

आमचा एकुलता विलास फौजेत भरती झाला, ट्रेनिंगला बेळगावला गेला, तेव्हा हिनं त्याच्या काळ्या पेटीत कपड्यांच्या मधे चटणी घातली. पोरानं पहिल्या सुट्टीत येऊन सांगितलं, "आये, चटणी उस्तादानं घेतली."

"घेतली म्हंजी?"

"पेटी तपासताना सापडली. रोज जेवणात घेतोय आता."

मला वाटलं आता ही फौजेचा उद्धार करणार. तर ही म्हणाली, "मग खातोय नव्हं? जाताना त्येला येगळी घिऊन जा. तुझी तुला ऱ्हाईल." आणि त्या न बघितलेल्या, कवायत शिकवणाऱ्या उस्तादाची बरणी, विलासचं ट्रेनिंग संपल्यावरही, बेळगावला जाणाऱ्या पोरांबरोबर बरीच वर्षं जात राहिली, रिकामी होऊन येत राहिली. तो रिटायर झाला तेव्हा बरणी परत आली नाही. ही म्हणाली, "गावाकडं घिऊन गेला आसंल. जाऊ द्या." त्याला तेवढी सूट.

आणखी एक सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. माझी आई गेली तेव्हा घरात तिच्या हातची नवी चटणी होती. आमच्याकडं माणूस गेलं की घरातलं शिजवलेलं, भरलेलं पाणी, सगळं बाहेर टाकतात. चटणीत कांदा तळलेला, म्हणजे ती पण शिजवलेलीच, असं भावकीतल्या बायकांनी ठरवलं आणि भरलेली बरणी नेऊन उकिरड्यावर ओतली. शेवंता तेव्हा नवी होती, बोलू शकली नाही. पण पुढं बरेच दिवस उकिरड्याकडच्या वाटेनं जायची नाही. एकदा भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "माणूस गेलं ते गेलं. तिच्या हातचं वरीसभर खाल्लं आसतं की आपण. ते बी घालीवलं." परत कधी विषय काढला नाही.

विलासची बदली तिकडं शिलाँगला झाली आणि त्यानं तिथलीच पोरगी केली. इबान नाव. दवाखान्यात नर्स. त्यांच्या चर्चमध्ये लग्न झालं. आम्हाला फोनवर फोटो आले. गल्लीत जे बोलायचं ते बोलून झालं, मीही घरात बसून बोललो. शेवंताचं एकच, "पोरीला हळद लागली न्हाई."

सांगली जिल्ह्यात राहून पोराच्या लग्नाला हळद नाही, हे तिला रुतून बसलं. ते दोघं पहिल्यांदा घरी आले तेव्हा उंबऱ्यातच तिनं इबानला थांबवलं, घरी दळून ठेवलेली हळद पाण्यात कालवली आणि गालाला, हाताला, पायाला फासली. चांगली रगडून. ती पोरगी पिवळी होऊन उभी. विलासला इंग्रजीत विचारते, "व्हाय?"

विलास काहीतरी सांगत होता. ही म्हणाली, "सांग तिला, आता लगीन झालं."

मग जेवायला बसलो. शेजारच्या दोघी-तिघी मुद्दाम दारात आलेल्या, गोऱ्या पोरीला चटणी झोंबते कशी ते बघायला. इबाननं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत तेल घालून दिलेलं होतं त्यात बुडवला, खाल्ला. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. परत बुडवला. मग ताटली पुढं करून हिंदीत म्हणाली, "माँ, और है?"

शेवंतानं दारातल्या बायकांकडं बघितलं आणि म्हणाली, "डोंगरातली हाय ती. तुमाला काय वाटलं?"

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इबानची हिंदी मोडकी, हिची त्याहून मोडकी. चार दिवस दोघी चुलीपुढं बसून होत्या. ही मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि भाकऱ्या होत होत्या. जाताना निळ्या झाकणाची बरणी गच्च भरून दिली.

मग ती बरणी परत येईना.

विलास फोनवर म्हणायचा, पाठवतो, बघतो. हिचं मन लागेना. एकदा व्हिडिओ कॉल लावला तर इबानच्या मागं काचेचं कपाट. त्यात लग्नाचा फोटो, त्यांच्या देवाचं चित्र, आणि मधोमध आमची बरणी. भरलेली. वर लाल फीत बांधलेली.

शेवंता म्हणाली, "विलास, तिनं खाल्ली न्हाई?"

इबान हसली आणि छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. त्यातला एक शब्द तिनं दोनदा म्हटला. चेरिश.

"काय म्हणतीया?"

"आये, जपती म्हणतीया. तू दिलीस म्हणून जपून ठिवलीया."

"जपायला मी काय सोन्याचा डाग दिलाय व्हय?" ही म्हणाली. आणि फोन माझ्याकडं दिला.

त्या दिवशी ती जेवली नाही नीट. मी समजावलं, "अगं, चांगलंच बोलली की पोरगी."

"चांगलं बोलली. खाल्लं न्हाई. आपल्याकडं बी आवडत न्हाई ते लोक उचलून वर ठिवत्यात आन तोंडावर गोड बोलत्यात."

"हितं तर ताट चाटूनपुसून खाल्लं हुतं की तिनं."

"पावणी हुती तवा. आता काय पावणी हाय?"

तिला त्या शब्दाचा संशय आला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं मगदूम बाईंकडं गेली. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या, आता रिटायर. एकट्या. मी कुंपणाशी गवत काढत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"बाई, चेरिश म्हंजी काय वो? खरं सांगायचं. बरं वाटावं म्हणून न्हाई."

बाई म्हणाल्या, "शेवंता, लव्ह म्हणजे माहितीये ना? तो शब्द आता कुठंही चालतो. चहाला चालतो, कुत्र्याला चालतो, फोन ठेवताना चालतो. चेरिश तसा चालत नाही. ज्याला काळजाशी धरायचं, आणि धरूनच ठेवायचं, त्याला तो लावायचा. एका दिवसापुरता लावत नाहीत."

"कुणाला लावत्यात?"

"माणसाला लावतात. गेलेल्या माणसाच्या आठवणीला लावतात. कुणी प्रेमानं दिलेल्या वस्तूला लावतात. आणि ख्रिस्ती लोकांच्यात लग्नात नवरा-बायको एकमेकांना हा शब्द देतात. देवासमोर. तुझ्या सुनेनं विलासला दिला असणार."

शेवंता म्हणाली, "म्हंजी जो शबूद माझ्या पोराला लावला, त्योच चटणीला लावला?"

"हो की."

"मग पोरगी चांगली हाय. पर शबूद चुकीच्या जागी लावलाय."

बाई हसायला लागल्या. "कसा चुकीचा? बरोबर आहे तो."

"बाई, इंग्रजीत बरुबर आसंल. चटणी वर ठिवली तर उन्हाळ्यापतूर तिचा रंग जातुया, वास जातुया. मग काय जपलं? माणसाला जपावं. चटणी खावी. मला ह्ये इंग्रजीत सांगायचं हाय. थोडक्यात सांगा, मला लांबडं जमायचं न्हाई."

बाईंनी दोन-चार वाक्यं करून दिली. हिला एकही जमेना. शेवटी हिनंच तोडून-मोडून चार शब्द केले आणि दिवसभर घोकत बसली. भांडी घासताना घोकायची. मी म्हटलं, "मला बी लाव की एकदा त्यो शबूद." मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमाला कुठला लावू? तुमी खायाचं बी न्हाई आन कपाटात ठिवायचं बी न्हाई." आणि परत घासायला लागली. पण तोंड दुसरीकडं करून हसत होती, ते पाठीवरून कळत होतं.

रविवारी कॉल लागला. हिनं पदर डोक्यावरून घेतला, साहेबापुढं उभं राहिल्यासारखी ताठ बसली आणि म्हणाली, "इबान. चेरिश मी. ईट चटणी."

तिकडचं चित्र हललंच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग बघतो तर इबाननं तोंडावर हात धरलेला. हसते का रडते कळेना. उठली, कपाट उघडलं, बरणी काढली, फीत सोडली, आणि समोर भाताची ताटली घेऊन त्यात चमचाभर चटणी घालून आमच्यासमोर खाल्ली. ही फोन डोळ्यापाशी नेऊन बघत होती. "तेल घाल म्हणावं वरनं," एवढंच बोलली.

विलास हिवाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा बरणी घेऊन आला. पण रिकामी नव्हती. हळकुंडांनी भरलेली होती. इबाननं तिच्या डोंगरातली हळद पाठवली होती.

सांगलीला हळद! साऱ्या गल्लीला हसायला विषय झाला. इथं पोत्यांनी हळद पडलेली असते, लहान पोराला विचारलं तरी हळदीचं सांगेल, आणि सुनेनं देशाच्या त्या टोकावरून हळद पाठवली. मीही हसलो. एकजण म्हणाला, "काका, आता ऊस बी मागवा तिकडनं." शेवंतानं एक हळकुंड मोडून बघितलं. आत गडद नारिंगी रंग, आमच्या हळदीपेक्षा गडद. पदरात घेऊन बसली.

"हसू नगासा," म्हणाली. "आपुन तिला उंबऱ्यात हळद लावली. तिनं तिकडची लावली आपल्याला. रिकामं भांडं माघारी द्याचं नसतं, ह्ये तिला कुणी शिकीवलं हुतं? तुमी? का मी?"

ती हळकुंडं तिनं जपून ठेवली. हो, जपूनच. उन्हाळ्यापर्यंत. आणि या वर्षीच्या चटणीत आमची हळद घातलीच नाही, सगळी इबानची घातली. डंकावर तळहातावर पसरून उजेडाला धरत होती, ती तोच रंग बघत होती.

आता इबान मला फोन करते. रविवारी. बोलायला आम्हाला भाषा नाही. ती "पापा" म्हणते, मी "व्हय" म्हणतो. मग ती निळ्या झाकणाची बरणी, विलासनं दिवसकार्यानंतर नेलेली, उचलून कॅमेऱ्यासमोर धरते. किती उतरली ते मी बघतो. मीही उठतो, आमची चिनीमातीची आणतो, वाकडी करून तिला दाखवतो. माझी एकट्याची आहे, हळूहळू उतरते. तिची भराभर उतरते. एक दिवस दोन्ही बुडाला लागतील. मगदूम बाई म्हणाल्या, थोडी तरी काढून ठेवा आठवणीला. मी म्हटलं, बाई, तुम्हीच शेवंताला त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, आणि तिनं तुम्हाला त्याचा वापर सांगितला होता. बाईंनी त्यांची काचेची बरणी संपवून, धुऊन, वाळवून, आणून दिली. आत साखर घालून.

चटणी कुटून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी ही उठली नव्हती. असं कधी होत नसे. मी हाक मारली. "अगं, उजाडलं." मग पायाला हात लावला. पाय गार होता. चेहरा रोजच्यासारखाच, कुणावर तरी खेकसून झोपल्यासारखा. मी शेजारी बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. पाखरं ओरडत होती, बाहेर दूधवाल्याची सायकल गेली.

शेजाऱ्यांना हाक मारायला उठलो आणि पुढच्या सोप्यात बरण्या दिसल्या. फडकं टाकलेल्या, उघड्या.

एकदा हाक मारली की घर भरणार, भावकीतल्या बायका येणार, घरातलं सगळं बाहेर निघणार. आईची चटणी गेली तशी ही पण जाणार. त्यांना अडवायला त्या वेळी माझ्यात जीव असेल-नसेल.

मी दाराची कडी तशीच राहू दिली. फडकं काढलं. बोट लावून बघितलं, चटणी गार झाली होती. ती करायची तसं प्रत्येक बरणीचा काठ कोरड्या फडक्यानं पुसला, वर मिठाचा थर दिला, मधे हिंगाचा खडा खोवला. कुठलं झाकण कुठल्या बरणीचं ते तिला बघताक्षणी कळायचं, मला लावून लावून बघावं लागलं. निळं आधी बसलं. ते जोर लावून आवळलं. मग बाईंचं. मग आमचं. विलासची ट्रेनिंगची काळी पेटी घरीच पडून होती, तिन्ही बरण्या तीत ठेवल्या, वर त्याची जुनी कांबळ टाकली, पेटी लावली.

हात धुतले. हाताची आग होत होती.

आत जाऊन तिला सांगितलं, "लावली झाकणं." मग कडी काढली आणि मगदूम बाईंना हाक मारली.